गस्तीनौका दिल्या, आता धक्क्याकडेही बघा

महोदय,

मॉरिशसच्या तटरक्षक दलाची 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलियंट' ही गस्तीजहाजे आपल्या वास्कोत, गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली, हे गोव्यात फारच थोड्यांना ठाऊक असेल. सेशेल्सला तर भारताने 2005 पासून एकामागून एक गस्तीनौका दिल्या, समुद्रावर टेहळणी करणारे डॉर्निअर विमान दिले. परक्या ट्रॉलरवाल्यांनी बेटांची मासळी चोरून नेऊ नये, हाही त्यामागचा एक हेतू. मदत योग्यच आहे. सेशेल्सची वस्ती लाख-सव्वा लाख आणि हक्काचा समुद्र 13 लाख चौरस किलोमीटरांच्या वर. तिथे दोन-चार नौका म्हणजे अख्ख्या बार्देशच्या बागायतींना एकच राखणदार. माझे म्हणणे एवढेच, की नुसत्या नौकांनी हे काम निभत नाही.

मी मांद्र्याचा. गेल्या ऑक्टोबरात रात्री जेवून किनाऱ्यावर गेलो, तर समुद्रात दूरवर पांढराफटक उजेड, जत्रा भरल्यासारखा. एलईडी दिव्यांची मासेमारी. बोटीवर जनरेटर लावायचा, दिवे पाण्यावर सोडायचे, उजेडाला भुलून बांगडे, माणक्या गोळा झाल्या की पर्ससीनचे, म्हणजे मासळीभोवती गोल टाकायचे, जाळे आवळायचे. त्यात पिल्लावळही जाते. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने याला बंदी घातली आहे. मी एका सरकारी कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला. गस्तीची बोट आहे, म्हणाला, पण डिझेलची मंजुरी यायची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली. तीसेक माणसे, दीड तास दोर ओढत होती. आले काय, तर दोन पाट्या तारले आणि बाकी जेलीफिश. वाटे घालायला कुणी पुढे होईना.

बंदी आहे, बोट आहे, डिझेल नाही. नौका दान मिळालेल्या लहान देशाची गत याहून वेगळी कशाने होणार? तिथे तर खलाशी, सुटे भाग, दुरुस्ती, सगळाच खर्च दरवर्षीचा.

आणि आपणही फार सोवळे नाही. माझी बहीण वेंगुर्ल्याला दिली आहे. आपण इथे कर्नाटकातल्या मालपेच्या ट्रॉलरना शिव्या घालतो, तिच्या शेजारचे मच्छीमार गोव्याच्या बोटींना घालतात. गेल्या दिवाळीला तिच्याकडे गेलो, तर चहा हातात देता देता एकाने ऐकवले, 'तुमचेच दिवे बघतो आम्ही रात्रभर.' मी काय बोलणार?

समुद्रात चोर गाठणे महाग पडते. पण मासळी कुठेतरी उतरवावीच लागते, आणि स्वस्तातली पकड तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने बंदरांवरच्या तपासणीचा करार 2009 मध्ये केला. तो 5 जून 2016 पासून लागू आहे. (5 जूनला आपल्या बोटी पावसाळी बंदीमुळे धक्क्याला बांधलेल्या असतात. म्हणूनच की काय, हा दिवस बेकायदा मासेमारीविरोधी दिन आहे हे इथे कुणाच्या गावी नसते.) करारातले कलम साधे आहे. परदेशी बोटीने बंदरात शिरण्याआधी कागद पाठवायचे. कुठे, कशाने, किती पकडले ते सांगायचे. संशय आला तर बंदराने मासळी उतरवू द्यायची नाही, इंधनही द्यायचे नाही. यासाठी विमान लागत नाही. टूना ओळखणारा, नोंदवही आणि टोपलीतला माल ताडून बघणारा, आणि दबाव आला तरी सही न करणारा कारकून लागतो. शिवाय दंड असा हवा, की तो धंद्याचा खर्च म्हणून भरून मोकळे होता येऊ नये.

धाक बसला की फरक पडतो, हे श्रीलंकेत दिसले. बेकायदा मासेमारी रोखत नाहीत म्हणून युरोपीय संघाने जानेवारी 2015 पासून त्यांच्या मासळीला दार बंद केले. मग खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींवर उपग्रहाने माग काढणारी यंत्रे बसली, कायदे बदलले आणि 2016 मध्ये बंदी उठली. त्या दीड वर्षात मार बसला तो मात्र निर्यातीवर पोट असलेल्या सगळ्यांनाच, चोर-साव न बघता. अशा वेळी शेजाऱ्याने यंत्रे आणि माणसे पुरवली, तर त्याला मदत म्हणायचे.

वेरे येथील नौदलाचे युद्ध महाविद्यालय 2017 पासून हिंदी महासागरातल्या देशांची परिषद भरवते. मालदीव, सेशेल्स, मॉरिशस, कोमोरोस, मादागास्कर असे देश तिथे येतात. पुढच्या वेळी नौदल अधिकाऱ्यांबरोबर त्या देशांचे बंदर निरीक्षक, मत्स्य खात्याचे कारकून आणि सरकारी वकीलही बोलवा. निरीक्षकांना दोन-तीन महिने इथे ठेवून घ्या, शिकवा. आणि एके दिवशी पहाटे त्यांना पणजीजवळच्या मालीमच्या मासळी धक्क्यावर न्या. बोटी लागतात, पाट्या उतरतात, लिलाव सुरू होतो, तेव्हा कोणती मासळी कुठून आली हे कोण टिपून घेते, ते त्यांना बघू द्या. आपल्या अधिकाऱ्यांनाही बरोबर घ्या. वेऱ्याहून मालीम गाडीने दहा मिनिटांवर आहे.

आपला,
एक वाचक, मांद्रे (पेडणे)