सातव्या केमोनंतर, सिंगापूरहून

प्रिय दोस्ता,

तुझे दोन फोन मी घेतले नाहीत, रागावू नकोस. शुक्रवारी सातव्या केमोचा, म्हणजे शरीरात हळूहळू औषध सोडणारा, पंप निघाला. त्यानंतर दोन दिवस बोलायचंही त्राण नसतं. आज जरा हुशारी वाटतेय. बोटांना मुंग्या आहेत, म्हणून हळूहळू लिहितोय.

ची कुंगने, म्हणजे श्वासाबरोबर सावकाश हालचाली करायच्या चिनी व्यायामाने, आजार बरा होतो का, असं तू विचारलंस. आतड्यातली गाठ ऑपरेशनने काढली आणि पुढचं काम केमो करतेय. ची कुंगकडे मी ते मागत नाही. 'औषधं सोडा, श्वासाने बरे व्हा' असा कुठला मेसेज आलाच, तर मला पाठवू नकोस आणि आणखी कुणालाही पाठवू नकोस. माझ्यासारखा घाबरलेला माणूस अशा वाक्याला लगेच धरून बसतो रे.

आमच्या इमारतीखाली मोकळी जागा असते, इथे तिला व्हॉइड डेक म्हणतात. सकाळी सातला, नुकतं उजाडलेलं असताना, दहा-बारा चिनी आजी-आजोबा तिथे बादुआनजिन हा ची कुंगचा एक प्रकार करतात. त्या नावाचा अर्थ किनखाबाचे आठ तुकडे. आठच हालचाली. ऑपरेशननंतर मी लांबून बघत बसायचो. एके दिवशी एका आंटीने हाताने खूण करून मला शेवटच्या रांगेत उभं केलं. आजारपणाबद्दल एक शब्द विचारला नाही. मला रडू आलं.

पहिल्या हालचालीत बोटं गुंतवून तळवे आभाळाकडे न्यायचे. माझ्या गळ्याच्या हाडाखाली केमो देण्यासाठी कातडीखाली छोटी डबी, पोर्ट, बसवलाय, तिथे ओढ लागते, म्हणून मी कपाळापर्यंतच हात नेतो. खाली वाकून पाय धरायची हालचाल टाके भरेपर्यंत डॉक्टरांनी बंद केली होती. आता गुडघ्यापर्यंत जातो. शाळेच्या मैदानावर आपण सूर्यनमस्कार घालायचो तेव्हा आकडा गाठायची केवढी घाई असायची! इथे हात वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर, आणि तोही होईल तेवढाच. दमलो तर खुर्चीत बसून नुसते हात हलवायचे. पंप लावलेला असतो तेव्हा तेही नाही.

बीजिंगच्या ग्वो लिन नावाच्या चित्रकार बाईंबद्दल मी वाचलं. त्यांना गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. त्यांनी चालत करायचं ची कुंग तयार केलं आणि १९७०च्या दशकात तिथल्या बागांमधून रुग्णांना शिकवलं. नाकाने दोन छोटे श्वास आत, एक बाहेर, आणि पाऊल टाकताना आधी टाच टेकवायची. त्यांची गोष्ट सांगताना लोक एक भाग गाळतात: बाईंची ऑपरेशनंही झाली होती, एक नाही, अनेक. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

त्याहून जुनं म्हणजे, १९७३ साली हुनान प्रांतात मावांगदुईच्या थडग्यात रेशमावर रंगवलेल्या चव्वेचाळीस आकृत्या सापडल्या. थडगं इ.स.पू. १६८चं. बायका, पुरुष, म्हातारे, तरुण, सगळे व्यायाम करताहेत. काहींच्या शेजारी दुखण्याचं नाव आहे, अगदी गुडघेदुखीसुद्धा. त्यांचा फोटो मी मोबाइलवर ठेवलाय. रात्री झोप लागली नाही की बघतो.

आता खरी सांगायची गोष्ट. केमोच्या औषधाने थंड वस्तूला हात लावला की सुया टोचतात, फ्रिज उघडायचा तर हातमोजे घालावे लागतात. तळपायही बधिर झालेत, जिना उतरताना कठडा सोडवत नाही. सहा महिने माझं शरीर म्हणजे रिपोर्टांवरचे आकडे झालंय: रक्तातल्या पेशींचा काउंट किती, वजन किती. आठव्या हालचालीत चवड्यांवर उभं राहून सात वेळा टाचा जमिनीवर सोडायच्या असतात. मी भिंतीला हात लावून करतो. गेल्या मंगळवारी पाचव्या वेळी टाच टेकली आणि हादरा थेट कमरेपर्यंत पोचलेला कळला. बरेच आठवडे तळपायांची जाणीवच नव्हती रे. उरलेल्या दोन मी मुद्दाम सावकाश केल्या.

पुढची केमो बुधवारनंतरच्या बुधवारी. त्याच्या आदल्या रविवारी फोन कर, तेव्हा मी बोलण्यासारखा असतो. आईला माझा नमस्कार सांग. आणि जानेवारीत येशील तेव्हा सकाळी सातला माझ्याबरोबर खाली चल, शेवटच्या रांगेत जागा आहे.

तुझाच,
जिवाचा दोस्त