लाल बटण सगळ्यात शेवटी

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न.

पार्सल फोडायची घाई बाबांनाच असणार, म्हणून पत्र सगळ्यात वर ठेवलं आहे. त्याखाली एक रिमोट आहे. त्यावर हिरवं, निळं, पिवळं आणि लाल अशी चार बटणं आहेत. पहिली तीन हवी तेवढ्या वेळा दाबा. लाल मात्र पत्र वाचून होईपर्यंत दाबायचं नाही. बाबा, हे तुम्हालाच सांगते आहे.

मी फोनवर "टॅग पाठवते" म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे आता आमच्या गळ्यात घंटा." घंटा आहे खरी, पण ती चष्म्याच्या घराच्या आणि टीव्हीच्या रिमोटच्या गळ्यात. टॅग म्हणजे वस्तूला लावायची चकती. बटण दाबलं की त्या रंगाची चकती पीं-पीं करते. आवाजाच्या मागे जायचं, वस्तू उचलायची. रिमोट आणि चकत्या आपसात रेडिओलहरींवर बोलतात, त्यामुळे ना फोन लागतो, ना इंटरनेट, ना पासवर्ड. याहून हुशार टॅग मिळतात, ते बघितले आणि घरासाठी मुद्दाम घेतले नाहीत. ते वाजवायला फोन लागतो, आणि तुमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा हरवतो तो फोनच.

"आणि हा रिमोटच हरवला तर?" हे आई विचारणारच. त्यासाठी भिंतीवर चिकटवायची एक खोबण सोबत आली आहे. ती चार्जरच्या वर बसवा आणि काम झालं की रिमोट तिथेच परत गेला पाहिजे. तो सोफ्यावर राहू लागला, तर शोधायच्या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली असं समजा.

हिरवी चकती चष्म्याच्या घराला लावा. यात एक मेख आहे. चकती चष्म्याच्या काडीला लावण्याजोगी नाही, फार मोठी आणि जड आहे. म्हणजे वाजणार ते चष्म्याचं घर, आणि बाबा, तुमचा चष्मा घरात असतो कधी? तेवढं मात्र तुम्हालाच सांभाळावं लागेल. निळी टीव्हीच्या रिमोटला, पिवळी आईच्या औषधांच्या डबीला.

मी सगळ्या चकत्या इथे लपवून वाजवून बघितल्या. लाकडी खणातून आवाज चांगला येतो. उशा-पांघरुणांखाली तो दबतो, तेव्हा टीव्ही बंद करून ऐका. लोखंडी कपाटाचं दार लावलं तर लहर आत पोचेलच असं नाही. वेष्टनावर जे अंतर छापलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं, घरात भिंती आडव्या येतात. एका खोलीतून वाजलं नाही तर दुसऱ्या खोलीत जाऊन पुन्हा दाबा.

आणि बाबा, हा आवाज तुम्हाला कदाचित नीट ऐकू येणार नाही, आईला येईल. तुमचं लक्ष नसतं म्हणून नव्हे. वय वाढलं की कान आधी उंच, किनरे आवाज सोडतात आणि हे बझर नेमके किनरे असतात. म्हणून तर तुम्हाला गप्पा ऐकू येतात आणि घड्याळाचा गजर येत नाही. यावरून आई तुम्हाला इतकी वर्षं बोलते आहे, ते तिने आता थांबवावं. चकतीवर बारीक दिवाही लुकलुकतो. खोलीतली बत्ती घालवली की तो लगेच दिसतो.

फोनचं वेगळं. तो सायलेंटवर असला की दुसऱ्या फोनवरून नुसती रिंग देऊन उपयोग नाही, हे आपण गाद्या उचलून उचलून शिकलो आहोत. आईच्या फोनवर 'फाइंड हब' हे हरवलेला फोन शोधायचं ॲप आहे, पूर्वीचं 'फाइंड माय डिव्हाइस'. त्यात बाबांच्या खात्याने शिरून आवाज वाजवायला सांगितलं की सायलेंटवरचा फोनही पूर्ण आवाजात ५ मिनिटं वाजत राहतो. फक्त तो चालू हवा आणि नेट हवं. बॅटरी संपून बंद पडला असेल तर गाद्या आहेतच.

बाबांच्या फिरायला न्यायच्या पिशवीसाठी मात्र एक हुशार टॅग पाठवते आहे, ब्लूटूथवाला, कारण ती पिशवी बाकावर राहते. तुम्ही विचारलं होतंत, "उपग्रह सांगतो का, पिशवी कुठे आहे ते?" नाही. त्या टॅगमध्ये जीपीएस नाहीच. तो थोड्या थोड्या वेळाने आपली खूण हवेत सोडतो एवढंच. जवळून जाणाऱ्या कोणाच्या तरी फोनला ती ऐकू येते, आणि तो फोन मालकाला न कळत आपलं ठिकाण कुलूपबंद करून पुढे पाठवतो. ते कुलूप तुमच्याच फोनवर उघडतं. गूगलने अँड्रॉइड फोनांचं हे जाळं २०२४ मध्ये सुरू केलं. ॲपलचा एअरटॅग २०२१ पासून आहे, पण तो लावायला आयफोन किंवा आयपॅड लागतो, म्हणून तो आपल्या कामाचा नव्हता. वर्दळीच्या जागी ही युक्ती चांगली चालते. निर्जन वाटेवर ऐकणारा फोनच नाही, तर टॅग तरी काय करणार?

हा टॅग तुमच्याच खात्यावर जोडायचा. मी आले की करून देईन, पण माझ्या फोनवर तुम्ही कुठे आहात ते दिसणार नाही. मला ते बघायचंही नाही. आणि आई, ती पिशवी घेऊन तू एकटीच बाहेर गेलीस आणि तुझ्या फोनवर अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याचा इशारा आला, तर घाबरू नकोस. कोणी गुपचूप पाळत ठेवू नये म्हणून ती सोय आहे. तुझ्या बाबतीत तो अनोळखी म्हणजे हेच आपले बाबा.

बटन सेल बदलायचा झाला तर त्यावर २०३२ लिहिलेलं बघून आणा. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, असा त्या आकड्याचा अर्थ. टॅगला तो साधारण वर्षभर पुरतो. चकतीची झाकणं स्क्रूने घट्ट लावा आणि जुने सेल नातवाच्या हाती लागतील असे ठेवू नका. गिळला गेलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही जाळतो. नुसती शंका आली तरी थेट रुग्णालयात न्यायचं.

एका जातीच्या वस्तूंना मात्र कुठलाही टॅग पुरा पडत नाही, त्या म्हणजे आईने 'जपून ठेवलेल्या' वस्तू. सहज टाकलेलं सापडतं. जपून ठेवलेलं वर्षानुवर्षं जपूनच राहतं. कागदाला चकती कुठे लावणार? त्यावर मला एकच उपाय सुचतो. काही जपून ठेवलंस की खण बंद करण्याआधी फोनने त्या उघड्या खणाचा एक फोटो काढ. आठवायचं काम तुझं नाही, फोटोंचं. मी हे स्वतः करू लागले आहे, कारण विसरण्यात मी तुझीच मुलगी. आपण वस्तू ठेवताना भलत्याच विचारात असतो, त्यामुळे ती जागा डोक्यात शिरतच नाही. जे शिरलंच नाही ते आठवणार कुठून?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. गेल्या वेळी मी आले होते तेव्हा कपाटाची किल्ली हरवली. तीन दिवस आपण घर उलथंपालथं केलं. आई, तू तिन्ही दिवस एकच सांगत होतीस: "सकाळी कपाट उघडलं, चादरी काढल्या, तेवढ्यात फोन वाजला, म्हणून किल्ली तुझ्या हातात दिली." मी म्हटलं, "आई, मला नाही दिलीस, तू विसरलीस." तेही जरा तोडूनच म्हटलं. मग बाबांनाही माझंच खरं वाटलं. शेवटी किल्लीवाला बोलावून कुलूप बदललं.

ती किल्ली माझ्याकडे होती. परत आल्यावर आठवडाभराने पर्स झटकली तेव्हा फाटलेल्या अस्तराच्या आत सापडली. त्याच दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. आज करू, उद्या करू असं म्हणत राहिले. तोवर तू प्रत्येक फोनवर "हल्ली माझं काही खरं नाही गं" म्हणायला लागलीस, डॉक्टरांना स्मरणशक्तीचं विचारावं का म्हणालीस, आणि मी "बघू" म्हणाले. तुला सगळं ओळीने आठवत होतं, चादरींच्या घडीसकट. विसरले होते मी. तुला हवं असेल तर डॉक्टरांना जरूर विचार, पण या किल्लीवरून नको.

बाबा, तुम्ही त्या दिवशी आईला जे बोललात ते माझ्यामुळे बोललात, ते माझ्या खात्यावर लिहा. चार दिवसांची रजा काढून पुढच्या महिन्यात येते आहे. तेव्हा काय बोलायचं ते समोरासमोर बोला.

चौथी चकती मी लावूनच पाठवली आहे. आई, रिमोट तू घे. आता लाल बटण दाब. पार्सलच्या तळाशी वाजेल.

तुमची,
धाकटी