काका, तो डिफरन्शियल पुन्हा उघडायला लावलात म्हणून

काका, सप्रेम नमस्कार.

परवा ट्रक चिखलात रुतला. डावं मागचं चाक गरगर फिरायला लागलं, पण उजव्याने लगेच जोर धरला आणि गाडी अलगद वर आली. खाली उतरलो तेव्हा पहिली आठवण तुमची झाली. प्रत्यक्ष भेटलो की तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून चारचौघांत लिहितोय.

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच; लिमिटेड स्लिप प्रकारात एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. भंगारातल्या ट्रकचा तसा एक तुमच्यासमोर ठेवला, तेव्हा तुम्ही आधी एक्सलच्या टोकावरच्या खाचा (स्प्लाइन) मोजायला लावल्यात. त्या जुळल्या. मग केस, म्हणजे बाहेरचं कवच, खोलली. घसरणाऱ्या चाकाला आवरणाऱ्या प्लेटा आत असतात: त्यातल्या स्टीलच्या प्लेटा उष्णतेने निळ्या पडलेल्या, फ्रिक्शन प्लेटांचं अस्तर जळून काळं झालेलं, आणि मधल्या आडव्या दांड्यावर (क्रॉस पिनवर) छोटे स्पायडर गिअर फिरतात तिथे नख अडकेल एवढी खाच. मी टाकूनच द्यायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, "केस बघ आधी." प्लेटांचे कान बसतात त्या खाचा शाबूत होत्या, एक्सलला जोडलेल्या साइड गिअरचे दात स्वच्छ होते. तेवढ्यावर तुम्ही तो वाचवायचं ठरवलंत. नव्या प्लेटा, नवी पिन, नवी बेअरिंगं, एवढाच बदल. क्राउन (केसवरचं मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) मात्र माझ्याच ट्रकचे ठेवायला लावलेत, कारण ती जोडी एकमेकांवर घासून जमलेली असते. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण करायलाही तुम्हीच सांगितलंत.

पुढची जोडणी मी एकट्याने केली, आणि घाई केली. गाडी चालवली तर वळणावर मागून थरथर, आणि ॲक्सिलरेटर सोडला की ठक्क. प्लेटाच खराब निघाल्या असं मी ठरवून टाकलं होतं. तुम्ही शेजारी बसून दोन फेऱ्या मारल्यात आणि म्हणालात, "हे दोन वेगळे आवाज आहेत. एकाच गोष्टीला दोष देऊ नकोस."

या एका वाक्यासाठी मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे. थरथर प्लेटांची होती: मी त्या तेलात न भिजवता कोरड्याच बसवल्या होत्या, आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायरही (प्लेटा अडखळू नयेत म्हणून घालायचं मिश्रण) घातला नव्हता. ठक्क मात्र क्राउन-पिनियनची. भंगारातली केस बसवल्यावर क्राउन पूर्वीच्या जागी येईलच असं नाही, आणि मी जुन्याच शिम (जागा नेमकी करणाऱ्या पातळ चकत्या) तशाच घातल्या होत्या. बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावला तर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.४० मिमी. माझ्या गाडीला तो ०.१५ ते ०.२५ हवा. दातांना रंग लावून फिरवलं, तर ठसा दातांच्या बाहेरच्या टोकाला सरकलेला.

सगळं पुन्हा उघडायचं म्हटल्यावर माझा चेहरा पडला होता. तुम्ही काही न बोलता स्वतःची शिमची डबी आणलीत. एका बाजूची जेवढी जाडी कमी केली तेवढीच दुसऱ्या बाजूला घातलीत, म्हणजे क्राउन पिनियनकडे सरकेल, पण बेअरिंगवरचा दाब बदलणार नाही. तीनदा काढलं, तीनदा बसवलं. शेवटी ०.२० आलं आणि ठसा दाताच्या मधोमध बसला. तोवर प्लेटा तेलात मुरत होत्या.

अजून एक गोष्ट, आणि ती आठवली की आजही छातीत धडधडतं. एकच चाक जॅकवर उचलून मी गाडी गिअरमध्ये टाकणार होतो. तुम्ही धावत येऊन चावी काढून घेतलीत. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक नुसतं फिरतं. हा मात्र जमिनीवरच्या चाकालाही ओढतो, आणि गाडी जॅकवरून उडी मारते. मग तुम्ही जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावलेत, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवलीत आणि उचललेल्या चाकाच्या हबला टॉर्क पाना लावून ताण मोजायला शिकवलंत. पाना हातात जड लागला, म्हणजे प्लेटा धरत होत्या, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात.

त्यानंतर मोकळ्या मैदानात आठाच्या आकड्यात सावकाश फेऱ्या मारल्या. थरथर नाही, ठक्कही नाही.

तुमची शिमची डबी रविवारी परत घेऊन येतोय. तिच्यातल्या दोन शिम मात्र माझ्या ट्रकमध्येच राहिल्या आहेत.

तुमचा,
ट्रकवाला