अनघा, तुझ्या नव्या टीमविषयी

सांगली,
रविवार

चि. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बरंच बोललीस आणि शेवटी म्हणालीस, "आई, माझा स्वभावच असा आहे. मला नाही जमत असं सारखं बदलायला." तू दमलेली होतीस, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले.

मला समजलं ते एवढं: टीम बदलली, नवे लीड आले, त्यांनी कामाची पद्धत बदलली. तू इतकं खपून लिहिलेला भाग पुन्हा लिहायला सांगितला. त्यात नुकत्याच लागलेल्या मुलाने सगळ्यांसमोर तुझ्या कोडमधली चूक दाखवली. राग आला यात गैर काही नाही. चारचौघांत चूक निघाली की कुणाचीही कानशिलं तापतात. मला काळजी वाटते ती त्यानंतर तू जे ठरवलंस त्याची. मिटिंगमध्ये तोंड उघडायचं नाही, सांगतील तेवढंच करायचं. असं वर्षभर केलंस तर नुकसान तुझंच होईल, बाळा.

आणि स्वभावाचं म्हणशील, तर २०१९ चा ऑगस्ट आठव. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली आणि आपण खणभागातलं घर सोडून विश्रामबागला मावशीकडे राहिलो. जवळच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. तू वही घेऊन तिथे यादी करायला गेलीस. आडनावांप्रमाणे, रेघा मारून, सुबक यादी. दुपारी तिथल्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "पोरी, आडनावं राहू देत. तान्ही मुलं कुणाकडे आहेत, बीपी-शुगरच्या गोळ्या कुणाच्या संपल्यात, ते आधी लिही." तू ते पान फाडलंस आणि नव्याने लिहायला घेतलंस. रात्री घरी येऊन आम्हाला त्या ताईंचंच कौतुक सांगत होतीस. तेव्हाही तू हीच होतीस. मला वाटतं, तिथे तुझं सगळं लक्ष समोरच्या माणसांकडे होतं. मिटिंगमध्ये ते स्वतःकडे वळलं. आपण कशा दिसतोय, लोक काय समजतील, यातच सगळी ताकद गेली.

यामागे एक कारण असावं. आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे तुला लहानपणापासून 'हुशार' म्हणत आले. अमेरिकेत कॅरल ड्वेक नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने पाचवीतल्या मुलांवर केलेले काही प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना सोपी कोडी घातली, सगळ्यांना शाबासकी दिली. काहींना म्हणाले, "तू फार हुशार आहेस." काहींना म्हणाले, "तू मेहनत केलेली दिसतेय." मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती फारशी कुणालाच सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली, तर 'हुशार' म्हटलेली मुलं पहिल्यापेक्षा मागे पडली आणि मेहनतीची शाबासकी मिळालेली पुढे गेली. अनोळखी मुलांना आपले गुण लिहून कळवायचे होते, तेव्हा 'हुशार' मुलांपैकी पुष्कळांनी ते वाढवून लिहिले. हे वाचताना मला फार वाईट वाटलं. एवढ्याशा पोरांना ते नाव टिकवण्यासाठी खोटं लिहावंसं वाटलं.

आता माझ्या कामातलं सांगते, कारण मला खरं कळतं ते तेवढंच. टीम म्हणजे काय ते मी ऑपरेशन थिएटरमध्ये शिकले. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आपल्या देशात पहिल्यांदा १९९० मध्ये झाली, मुंबईत जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमटन उदवाडिया यांच्या हातून. पुढे ती मिरजेतही आली. आमच्या थिएटरच्या मोठ्या सिस्टर तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या होत्या. पोट उघडून होणाऱ्या ऑपरेशनच्या हत्यारांची ट्रॉली त्या डोळे मिटून लावत. सर्जननी हात पुढे केला की न मागता योग्य ती आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा, हातात पडायची. दुर्बीण आली आणि त्यातलं बरंचसं निरुपयोगी झालं. नवी हत्यारं लांबलचक, बघायचं पोटात नाही तर टीव्हीच्या पडद्यावर, लेन्सवर वाफ धरली की सगळं अंधुक. मुंबईहून शिकून आलेली एक मुलगी आमच्यात सगळ्यात धाकटी होती. मोठ्या सिस्टर रोज ड्यूटी संपली की तिला थांबवून घ्यायच्या. "हे परत एकदा खोलून दाखव. आता मी जोडते, तू बघ." आम्ही सगळ्या बघत असायचो. त्यांना कमीपणा आलेला कुणाला दिसला नाही. उलट त्यानंतर आम्हा सगळ्यांचीच विचारायची भीड गेली.

पण याच बाईंची दुसरी बाजू ऐक. पोट बंद करण्याआधी मॉप आणि गॉज, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजायचे असतात. सुरुवातीला फळ्यावर जो आकडा लिहिला तो जुळलाच पाहिजे. एकदा एक गॉज कमी भरला. सर्जन नावाजलेले होते, वेळ झाला होता, ते म्हणाले, "आत काही नाही, मी बघितलंय, सुई द्या." सिस्टरांनी सुई दिली नाही. "सर, काउंट जुळत नाही," एवढंच शांतपणे पुन्हा म्हणाल्या. आवाज चढवला नाही. बादली पालथी केली, पेशंटवर पांघरलेले ड्रेप उचलले, शेवटी टेबलाखाली रक्ताने भिजून चिकटलेला तो गॉज सापडला. मग सुई दिली.

हेच मला तुला सांगायचं आहे. ट्रॉली कशी लावायची हे त्या प्रत्येक सर्जनप्रमाणे बदलत. दुर्बीण आली तेव्हा सगळं नव्याने शिकल्या. मोजणी मात्र कुणासाठी बदलली नाही. तू दोन्ही एकाच मापाने धरून बसली आहेस असं मला तुझ्या बोलण्यावरून वाटलं. फाइलला नाव कसं द्यायचं, मिटिंग सकाळी की दुपारी, कोड कुठल्या पद्धतीने लिहायचा, ही ट्रॉली आहे. ती नव्या लीडच्या मनाप्रमाणे लाव. चाचणी न करता काम ग्राहकाकडे पाठवा असं कुणी म्हणालं तर ती मोजणी. तिथे ठाम राहा, पण सिस्टरांसारखी, आवाज न चढवता.

त्या मुलाविषयीही लिहायचं आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला. औषध देण्यातल्या चुका कुठे जास्त होतात ते बघायचं होतं. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण निघालं उलटं. ज्या वॉर्डात माणसं एकमेकांशी चांगली वागत, तिथे चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर कळलं की तिथली माणसं चुका लपवत नव्हती. बाकीच्या वॉर्डांतही चुका होत होत्या, पण धास्तीपोटी कुणी बोलत नव्हतं. मी आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते, त्यांना हे दर वर्षी सांगते. पोरींचे चेहरे बदलतात, कारण प्रत्येकीने कुठल्या ना कुठल्या वॉर्डात ती धास्ती बघितलेली असते. म्हणून तुझ्या टीममधला सगळ्यात धाकटा मुलगा सगळ्यांसमोर बोलू शकला, याचा मला आनंदच झाला. त्याने ते तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, हे मान्य. तेवढं तू त्याला सांगू शकतेस. पण आधी त्याने जे दाखवलं त्याबद्दल आभार मान, आणि तेही सगळ्यांसमोरच. मग बाकीचेही बोलतील.

ऐकण्याची एक सवय थिएटरमधली आहे, ती उचल. मागितलेली वस्तू हातात देताना आम्ही तिचं नाव पुन्हा मोठ्याने उच्चारतो, म्हणजे ऐकण्यात चूक झाली तर तिथेच कळते. तुझ्या कामात कुणी आक्षेप घेतला की उत्तर देण्याआधी तो आपल्या शब्दांत परत म्हण. "म्हणजे तुमचं म्हणणं असं की…" एवढ्याने मनातला निम्मा जाळ खाली बसतो. पुढचं उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं.

मात्र सगळा भार तू एकटीने घ्यावास असं माझं म्हणणं नाही. ड्वेक यांच्या विचारावर आधारलेला एक मोठा अभ्यास अमेरिकेतल्या नववीच्या मुलांवर झाला, २०१९ मध्ये छापून आला. तासाभराहून कमी वेळात मुलांना समजावलं की बुद्धी वाढू शकते. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेसेच. आणि तेही जिथे सोबतची मुलं अवघड काम अंगावर घेणारी होती, तिथे जास्त. म्हणजे आपण कितीही मन मोकळं ठेवलं तरी आजूबाजूचं वातावरण लागतंच. तेव्हा लीडशी एकदा एकटीने बोल. माझं काम का बदलायला लावलं, यापुढे सुरुवातीलाच मला कसं सामील करून घ्याल, हे सरळ विचार. ते नीट ऐकून घेतील असं मला वाटतं. पण चूक सांगणाऱ्याला किंवा कबूल करणाऱ्याला तिथे टोमणेच मिळत असतील, तर दुसरी टीम माग. तसं करण्यात कमीपणा नाही, आणि बाबांचंही हेच मत आहे.

लीडना भेटण्याआधी एक कर. तुझ्या कामात मोजणी कशाकशाला म्हणशील ते कागदावर लिही आणि मला फोटो पाठव. त्यातलं तांत्रिक मला कळणार नाही, फोनवर समजावून सांग.

भडंगाचे दोन डबे मामाबरोबर पाठवतेय, एक ऑफिसात ने. हळद आणि काळा मसालाही आहे. मामा बुधवारी रात्री स्वारगेटला उतरेल, त्याला फोन करून घ्यायला जा.

तुझी,
आई