वीतभराचा वाद

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, कार्डिफच्या तुझ्या घरमालकीण बाई न्यूझीलंडचं नाव निघालं की '१९०५' म्हणून बोट नाचवतात, त्या सालच्या वेल्स-न्यूझीलंड रग्बी सामन्यावरून. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. पण भांडण पंचाच्या निर्णयाचं आहे म्हटल्यावर राहवेना. आठवडाभर वाचत बसलो. तुझी आई म्हणाली, एवढा अभ्यास दहावीला केला असता तर आज कलेक्टर असता.

तर ऐक. न्यूझीलंडचा संघ जुलैअखेर वेलिंग्टनहून 'रिमुटाका' नावाच्या बोटीवर चढला आणि ८ सप्टेंबरला इंग्लंडात प्लिमथला उतरला. साधारण सहा आठवडे पाण्यावर. कप्तान डेव्ह गॅलहर, उपकप्तान बिली स्टेड. हा स्टेड धंद्याने चांभार, बूट शिवणारा. खेळाडूंना हातखर्चाला दिवसाला तीन शिलिंग, बाकी मानधन वगैरे काही नाही. उतरून आठ दिवस होतात न होतात तोच एक्झेटरला डेव्हन परगण्याच्या संघाशी गाठ, आणि ५५-४ असा निकाल! म्हणे काही वर्तमानपत्रांना वाटलं, तारेत चूक झाली, डेव्हननेच जिंकलं असणार.

त्यांचं खरं कसब जागा वाटून घेण्यात होतं. चेंडूसाठी दोन्ही संघांचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीचे गडी, घोळका करून एकमेकांना रेटतात. इंग्रजांकडे जो फॉरवर्ड आधी पोचेल तो त्या घोळक्यात डोकं घालणार. यांच्याकडे प्रत्येकाची जागा ठरलेली, आपल्याकडे कबड्डीत कोपरारक्षक, मध्यरक्षक ठरलेले असतात तशी. घोळक्यात आठांऐवजी सातच जण, दोन-तीन-दोन असे, आणि आठवा स्वतः गॅलहर, बाहेर मोकळा. त्याच्यावर तिकडचे लोक जाम चिडायचे. हा वाटेत उभा राहून अडवतो, ही फसवणूक आहे, वगैरे. नियमाच्या काठावर खेळणारा खेळाडू समोरच्या प्रेक्षकांना कधीच आवडत नाही. आपला असला की मात्र तोच हुशार. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंड, तिघांनाही हरवून हे लोक १६ डिसेंबरला तुझ्या कार्डिफला आले.

आर्म्स पार्क मैदानावर सुमारे ४७ हजार माणूस. काळ्या जर्सीवाल्या न्यूझीलंडने 'हाका' हा त्यांचा माओरी नाच केला, आणि उत्तरादाखल वेल्सवाल्यांनी आपलं राष्ट्रगीत सुरू केलं, सगळं मैदान त्यात सामील झालं. सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायची पद्धत तिथूनच पडली म्हणतात. पहिल्या डावात वेल्सच्या ओवेनने एका बाजूला हूल देऊन चेंडू उलट्या बाजूला फिरवला, आणि टेडी मॉर्गनने कोपऱ्यात ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला. तेव्हा ट्रायचे तीन गुण. ३-०.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या डावात न्यूझीलंडचा वॉलेस चेंडू घेऊन सुटला, त्याने तो आपल्याच डीन्सला दिला. एकवीस वर्षांचा पोरगा. गोलरेषेपाशी पोचतो तोच त्याला गाठून पाडलं. तो म्हणतो, मी चेंडू रेषेपलीकडे टेकवला होता, मला मागे ओढलं. वेल्सचा रीस गेब म्हणतो, मी धरला तेव्हा तो पुढे सरकायला धडपडत होता; पोचला असता तर कशाला धडपडला असता? पंच जॉन डॅलस, स्कॉटलंडचा. अंगावर रोजचे कपडे, बुटाला खिळे नाहीत, त्यामुळे धावपळीत मागे पडलेला. तो येईपर्यंत चेंडू रेषेच्या अलीकडे होता. त्याने ट्राय दिला नाही. पुढे डीन्सने वर्तमानपत्राला तार केली की चेंडू सहा इंच पलीकडे होता. सहा इंच, वीतभरसुद्धा नाही गं!

त्या अख्ख्या दौऱ्यात न्यूझीलंडचे ३५ सामन्यांत ३४ विजय, ९७६ गुण केले, ५९ दिले, आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी लोक बोलतात त्या एका सामन्याबद्दल. डीन्स १९०८ साली, चोविसाव्या वर्षी गेला. गॅलहर पहिल्या महायुद्धात, १९१७ला बेल्जियममध्ये. खुद्द मॉर्गनने पुढे डीन्सच्या बाजूने कौल दिला, पण तोवर ऐकायला डीन्स नव्हता.

मी डॅलसच्या बाजूचा आहे. कारण सांगतो, तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

तू तिसरीत असशील. जत्रेच्या कबड्डी स्पर्धेत मी पंच होतो, उपांत्य फेरी, शेवटची चढाई. चढाई करणाऱ्याला चौघांनी पकडलं, ढीग पडला, आणि तो ढिगाखालून मध्यरेषेकडे हात ताणत होता. मी पलीकडच्या टोकाला, धावत आलो तोवर पोरांनी त्याला मागे खेचलेलं. फक्कीची रेघ अंगाखाली पुसलेली. मला दिसलं ते एवढंच, हात रेघेच्या अलीकडे. मी बाद दिला. पोरगं काही बोललं नाही. नंतर पाण्याच्या टाकीपाशी त्याने माझ्यासमोर पंजा उघडला. तीन बोटांची टोकं पांढरी.

फक्की तर मैदानभर उडालेली असते, कुठूनही लागू शकते. त्या रात्री मी हेच स्वतःला पन्नासदा सांगितलं. निर्णय आजही तोच दिला असता, कारण पंचाने न पाहिलेलं द्यायचं नसतं. पण ती बोटं डोळ्यांपुढून जात नाहीत. डॅलसचंही असंच काहीतरी झालं असेल का, हे कुठे वाचायला मिळालं नाही.

तुझं ते नवं स्टेडियम त्याच जागी आहे, पण मैदानाची दिशा फिरवलीय: आधी पूर्व-पश्चिम होतं, आता दक्षिणोत्तर. म्हणजे डीन्सची रेघ आता बसायच्या खुर्च्यांखाली कुठेतरी आली असणार. टॅफ नदीच्या काठाने फिरायला गेलीस तर पाहून ये, आणि फोटो पाठव. घरमालकीण बाईंना हा वाद उकरून विचारू नकोस, भाडं वाढवतील.

मेतकूट संपलं असेल तर आईला सांग, गणपतीनंतर एक जण तिकडे येणार आहे.

तो पोरगा आता तालुक्याला पेट्रोल पंपावर असतो. टाकी भरून झाली की 'पंच, शून्य बघा' म्हणतो. मी बघतो.

तुझे,
बाबा