बारीक दांडीचा ताप
संपादक साहेब, दात साफ करताना पेशंटला काय होतं यावर सगळे बोलतात, पण स्केलर, म्हणजे दातांवरचा थर खरवडायचं हत्यार, धरणाऱ्या हाताचं कोणी विचारतच नाही. मी दिवसभर तेच काम करते, आणि बारीक, गुळगुळीत स्टीलची दांडी चिमटीत घट्ट धरून धरून संध्याकाळी अंगठा अगदी भरून येतो. दांडी साधारण १० मिमी जाड आणि वजन १५ ग्रॅमच्या आसपास असेल तर चिमटीला जोर कमी लागतो, हे तपासून झालंय, तरी खरेदी करताना बघतात फक्त किंमत! आणि हो, धार बोथट असली की जाड दांडीचाही उपयोग नाही, कारण मग टार्टर, म्हणजे दातांवरचा तो कडक थर, निघेपर्यंत दाबतच बसावं लागतं, त्यामुळे धार लावायला रोज वेळ द्या ना राव.
– एक डेंटल हायजिनिस्ट