विनायकास पत्र : बाळाच्या नावाविषयी

शिजियाच्वांग

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

मुलगा झाला आणि दोघेही सुखरूप आहेत, एवढेच त्या दिवशी फोनवर सांगता आले. यानची प्रकृती उत्तम आहे, बाळाची कावीळ उतरली आहे आणि माझा खोकलाही थांबला आहे. आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली आहे तिच्याविषयी लिहितो. ती गोष्ट म्हणजे बाळाचे नाव. बाबांना आतून ओळखणारा आणि याच विषयावर माझ्याशी कडाक्याचे भांडलेला माणूस तू एकटाच आहेस, म्हणून हे सारे तुलाच लिहितो आहे.

इथे जन्मानंतर एका महिन्याच्या आत बाळाची नोंद आईच्या कुटुंबपत्रात करावी लागते. दुहेरी नागरिकत्व ना भारत मानतो ना चीन. मूल इथे जन्मले आणि आई चिनी, म्हणून तो कायद्याने चिनी नागरिक ठरतो. त्याचे आडनाव आईचेच, लिऊ, हे आम्ही लग्नाआधीच ठरवले होते आणि माझ्या आईनेही ते मोठ्या मनाने मान्य केले. तिची मागणी एकच होती : ‘त्यांचेच नाव ठेव.’ बाबा जाऊन अजून वर्ष झालेले नाही आणि घरात पहिला नातू आला आहे. आपल्याकडे अशा वेळी दुसरे नाव सुचवण्याचा प्रश्नच येत नाही. मलाही तेच हवे होते. बाबांचे भास्कर हे नाव चिनी अक्षरांत जसेच्या तसे बसणार नाही हे मला ठाऊक होते, पण अर्थाने ते आणता येईल अशी माझी खात्री होती.

मी हा विचार जेवताना मांडला तेव्हा सासऱ्यांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. ते चिडले नाहीत, त्यांना माझी काळजी वाटली. गेलेल्या वडिलांचे नाव नातवाला देणे म्हणजे उद्या त्या नावाने त्याला ओरडणे, त्याच नावाने त्याला शाळेत बाकावर उभे करणे, आणि हे आपल्या वाडवडिलांच्या बाबतीत कुणी कसे करील, असे त्यांनी मला अत्यंत हळुवारपणे विचारले. इथे थोरांच्या नावातले अक्षरसुद्धा धाकट्यांच्या नावात येऊ देत नाहीत. सासरे निवृत्त शिक्षक आहेत, त्यामुळे मग दाखल्यांवर दाखले आले. बीजिंगच्या राजवाड्याचे उत्तरेकडचे दार, जिथे आपण दोघांनी फोटो काढला होता, त्याचे मूळ नाव श्वानवू; पण खांगशी बादशहाच्या नावात ‘श्वान’ हे अक्षर होते म्हणून ते बदलून शनवू केले गेले. थांग काळात ली-ह नावाचा एक विलक्षण कवी होऊन गेला. त्याच्या वडिलांच्या नावात ‘जिन’ होते आणि सर्वोच्च परीक्षेचे नाव ‘जिनशि’. नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावरून त्याने परीक्षेला बसणे अयोग्य ठरवले गेले. हान यू या थोर लेखकाने त्याची बाजू मांडणारा निबंध लिहिला, तरी तो परीक्षेला बसू शकला नाही आणि 816 साली, वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी वारला. मला त्या कवीचे फार वाईट वाटले, आणि सासऱ्यांनाही वाटते. तरीही थोरांचे नाव जपावे ही मूळ भावना त्यांना खरी वाटते.

इथे तुला तुझ्या निनादचे बारसे आठवेल. गेलेल्या माणसाचे ओझे पाळण्यात कशाला ठेवायचे, असे तू भर पंगतीत म्हणालास आणि मी पुढे दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. तुझ्या आजोबांचे नाव तू टाकलेस याचा राग मला आजही पूर्णपणे गेलेला नाही, हे स्पष्ट लिहितो. सासऱ्यांचे म्हणणे ऐकून तू आनंदाने उडी मारशील आणि ‘बघ, सारा चीन माझ्या बाजूने आहे’ असे म्हणशील. पण तसे नाही. तुला आजोबांचे नाव नको होते. यांना ते इतके मोलाचे वाटते की रोजच्या वापरात झिजू द्यायचे नाही.

तरी मी अर्थाची वाट धरली. नाव नको तर नको, निदान सूर्यप्रकाश तरी त्याच्या नावात असू दे, याला कुणाचाही विरोध नव्हता. सासूबाईंनी तर जन्मवेळेवरून आठ अक्षरांची पत्रिका मांडून आणली होती आणि तिच्यात अग्नितत्त्व कमी आहे असे निघाले होते; सूर्याचे चिन्ह असलेली अक्षरे अग्नीची मानतात, म्हणून त्या खूशच झाल्या. मंग ज्याओ या जुन्या कवीची एक कविता इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. दूरदेशी निघालेल्या मुलाचे कपडे आई शिवते आहे आणि गवताच्या इवल्या पात्याने वसंतातल्या उन्हाचे ऋण कसे फेडावे, असे कवी विचारतो. त्या उन्हाचे अक्षर आहे ‘ह्वेई’. त्याच्या आधी ‘छंग’, म्हणजे वारसा म्हणून स्वीकारणे, असे अक्षर घेऊन मी छंगह्वेई हे नाव तयार केले. उन्हाचा वारसा घेणारा. मला वाटले, यापेक्षा चांगले नाव असूच शकत नाही.

यानने ते दोनदा मोठ्याने म्हटले आणि ती गप्प झाली. त्याच उच्चाराचा, त्याच सुरांचा आणखी एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘राख होणे’. ली शांगयिनच्या एका अत्यंत प्रसिद्ध ओळीत मेणबत्ती जळून राख होते तेव्हाच तिचे अश्रू सुकतात. तिथे हाच शब्द आहे आणि कानाला तोच ऐकू येणार. विनायक, दिवाळीत बाबांच्या अस्थी चंद्रभागेत सोडताना पायरीवर तू माझा हात धरला होतास. त्या बाबांसाठी ठेवलेले नाव असे ऐकू येत असेल तर ते मला एक क्षणही चालणार नव्हते. ते नाव मी त्याच रात्री सोडले.

मग सासऱ्यांनी के दायफूंचा विषय काढला. आपल्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणिसांना इथे अजून याच नावाने, म्हणजे ‘के डॉक्टर’ म्हणून, ओळखतात. त्यांची समाधी याच शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे आणि जावई सोलापूरचा आहे हे कळल्यावर सासऱ्यांनी मला सर्वांत आधी तिथेच नेले होते. 1938 साली, जपानविरुद्धच्या युद्धात मदतीला आलेल्या पाचही भारतीय डॉक्टरांनी आपल्या चिनी नावात ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे अक्षर घेतले होते. कोटणीस के दिह्वा झाले. ऑगस्ट 1942 मध्ये त्यांना मुलगा झाला तेव्हा सेनानी न्ये रोंगजन यांनी त्याचे नाव यिनह्वा सुचवले, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. डिसेंबरात डॉक्टर गेले. तो मुलगाही 1967 साली, वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच वारला. आपल्या बाळाच्या नावातही ‘यिन’ असावे, असे सासऱ्यांना वाटत होते. त्यांच्या डोळ्यांतली माया मला दिसत होती, तरी मी नाही म्हटले. ते नाव युद्धाच्या दिवसांत, फार मोठ्या माणसांनी, दोन देशांसाठी ठेवले होते. 1962 साली यिनह्वा वीस वर्षांचा होता, हे माझ्या मनातून जात नाही. माझ्या मुलाने दोन देश खांद्यावर घेऊ नयेत. त्याच्या नावात फक्त घर असावे.

यिछेन, यूश्वान, हाओयू अशी आजकालची लोकप्रिय नावेही आम्ही चाळली. ती गोड आहेत, पण एका वर्गात तीन-तीन मुले त्याच नावाची असतात. शेवटी जे ठरले ते सासऱ्यांनीच सुचवले : जिंगमिंग. फान चोंगयान यांच्या 1046 सालच्या एका निबंधात, वसंत सौम्य आहे आणि ऊन लख्ख पडले आहे अशा अर्थाचे चार अक्षरांचे वर्णन आहे. त्यातली शेवटची दोन म्हणजे जिंगमिंग. पहिल्या अक्षराचा जुना अर्थ सूर्यप्रकाश, आणि त्याच्या डोक्यावर सूर्याचे चिन्ह आहे. दुसऱ्यात सूर्य आणि चंद्र शेजारी उभे आहेत. म्हणजे एका नावात दोनदा सूर्य आला आणि भास्कर हा शब्द कुठेही उच्चारला गेला नाही. तेवढे पहिले अक्षर सांभाळून म्हणावे लागते. ‘ज’चा ‘छ’ झाला आणि सूर बदलला तर ते छिंगमिंग होते, म्हणजे एप्रिलमधला पितरांच्या थडग्यांची साफसफाई करण्याचा सण. इथला कुणीही त्यात गोंधळ करणार नाही, पण सोलापुरात नीट शिकवावे लागेल.

आणि सोलापूर हीच आता खरी चिंता आहे. कुणी या नावावरून पोराला चिडवले तर मला ते सहन होणार नाही. तू गल्लीतल्या प्रत्येकाला आधीच दम देऊन ठेव. तुझ्या आवाजाचा उपयोग चांगल्या कामासाठी होण्याची ही संधी सोडू नकोस.

आईला हे कसे सांगावे, या विचाराने मी दोन रात्री फोन टाळला. सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही आणि मग म्हणाली, ‘बरोबरच आहे त्यांचे. मी तरी त्याला कशी हाक मारणार होते?’ माझ्या हे ध्यानातच आले नव्हते. आईने जन्मात बाबांचे नाव घेतलेले नाही. बाबांना त्यांच्या आजोबांचे नाव ठेवले होते, आणि ते सासऱ्याचे नाव म्हणून आजीनेही त्यांना कधी भास्कर म्हटले नाही. ते जन्मभर बाळच राहिले आणि तुझे बाळकाका झाले. आपल्या घरानेही नाव ठेवले ते न उच्चारण्यासाठीच, आणि सासरे जे सांगत होते ते आमच्या स्वयंपाकघरात तीन पिढ्या चालत आले होते.

तोडगाही आईनेच काढला. पाळण्यातले नाव भास्कर ठेवायचे. ताई फोनवरून बाळाच्या कानात ते सांगेल, नंतर ते फक्त संकल्पात येईल आणि कुणीही त्या नावाने हाक मारणार नाही. मी यानला विचारले. तिने पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली की ते कुठेही लिहिले जाणार नाही आणि त्याला त्या नावाने कुणी रागावणार नाही, आणि मग तिने स्वतःच आपल्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, समजावले. त्या अजून थोड्या साशंक आहेत. त्यांना मी दोष देत नाही.

छापखान्यात नवे यंत्र आले का? निनादची दहावी कशी चालली आहे? काकूंच्या गुडघ्याचे कळव. हे सारे घाईत विचारतो आहे, रागावू नकोस.

आता तुझ्याकडे दोन कामे आहेत. एकदा आईकडे जाऊन निवांत बस आणि ती हे केवळ माझ्यासाठी मान्य करत नाही ना, ते पाहा. मला ती खरे सांगणार नाही, तुला सांगेल. दुसरे, तिला सोलापुरात बारशाची पत्रिका छापायची आहे आणि ती तुझ्याच छापखान्यात छापली जाणार. ‘चि. जिंगमिंग’ असे लिहायचे की ‘चिंगमिंग’, हे मला ठरवता येत नाही, कारण इथला उच्चार दोन्हींच्या मधला आहे. त्या छापखान्यात बाबांनी चाळीस वर्षे खिळे जुळवले. त्यांनी काय ठरवले असते ते तुलाच अधिक कळेल. दोन्ही जुळवून बघ आणि रविवारपर्यंत कळव, कारण सोमवारी आम्ही नोंदणीला जाणार आहोत आणि आईला प्रूफ त्याआधी बघायचे आहे.

तुझा,
श्रीधर